पथ्याची कुल्फी

मुलाला बेंगळुरूला नोकरी लागली, तिथल्या घरमालकाला कुत्रा चालत नव्हता आणि नागपुरातलं आमचं घर स्वतःचं होतं. एवढ्यावरून ब्रूनो आमच्याकडे राहायला आला. सोबत त्याची गादी, लसीकरणाचं पुस्तक आणि मुलाने टाइप करून दिलेली सूचनापत्रिका. माझ्या लग्नात आईने सासूबाईंना माझ्याबद्दल एवढी माहिती दिली नव्हती.

ब्रूनो लॅब्राडॉर. या जातीचे पूर्वज कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावर कोळ्यांबरोबर बर्फगार समुद्रात उतरायचे आणि जाळ्यांतून निसटलेले मासे धरून आणायचे. म्हणून अंगावर केसांचे दोन थर, वरचा पाणी झटकणारा आणि आतला ऊब धरून ठेवणारा. अशा प्राण्याला नागपुरात मे महिना काढायला लावण्यामागे काय विचार होता, असं मी मुलाला विचारलं. ‘‘आई, तो किती गोड आहे बघ ना,’’ एवढंच उत्तर आलं.

आमच्याकडचा मे महिना इतरांना सांगून कळत नाही. 2024 साली याच शहरातल्या एका स्वयंचलित यंत्राने 56 अंश तापमान नोंदवलं होतं. देशभर बोंब झाली. मग हवामान खात्याने सांगितलं की, यंत्राचा सेन्सर बिघडला होता. खातं म्हणतं तर बिघडला असेल. पण त्या दुपारी दूध आणायला गेलेल्या एकाही नागपूरकराला यंत्राचा संशय आला नव्हता.

कुत्र्याला घाम येतो तो जेमतेम तळपायांना. बाकीचा सगळा कारभार जिभेवर. तोंड उघडायचं, जीभ बाहेर टाकायची आणि धापा टाकत आतली उष्णता बाहेर सोडायची. ब्रूनो हे काम इतक्या निष्ठेने करायचा की, त्याच्याकडे बघून मला धाप लागायची. एरवी त्याने हॉलमधल्या कूलरसमोरची जागा धरली होती. ती गेली पंचवीस वर्षं यांची. नव्या ताट्या लावलेल्या, खसचा वास येतोय, आणि त्या वाऱ्याच्या नेमक्या तोंडाशी बत्तीस किलोंचा कुत्रा आडवा. हे त्याच्या मागे खुर्ची टाकून बसायचे. त्यांच्यापर्यंत वारा पोचायचा, पण आधी कुत्र्यावरून जाऊन.

‘‘याची हजामत करून टाकू,’’ हे म्हणाले. यात सूड किती आणि भूतदया किती, सांगता येत नाही. कुत्र्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मोडता घातला. तोच केसांचा थर उन्हापासूनही वाचवतो, तेव्हा विंचरा, भादरू नका, म्हणाल्या. फिरणं पहाटे उरका, दुपारी डांबरावर पाऊल टाकू देऊ नका, पाणी भरपूर ठेवा. आणि हवं तर गार काहीतरी चाटायला द्या.

या शेवटच्या वाक्याने माझा घात केला. माळ्यावर सासूबाईंच्या काळातले कुल्फीचे साचे होते, ॲल्युमिनियमचे, निमुळते, झाकणाचे. पूर्वी झाकणाभोवती कणीक थापून ते बर्फ-मिठाच्या माठात ठेवत. मी दूध आटवायला काढलं, वेलची सोलली, जायफळ किसायला घेतलं आणि तेवढ्यात मुलाचा व्हिडिओ कॉल आला.

दूध नको, बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना पचत नाही. साखर नको. जायफळ मुळीच नको. बेदाणे नकोत, द्राक्षं नकोत, किडन्या निकामी होतात. त्यामागे टार्टारिक आम्ल असावं असा तज्ज्ञांचा कयास आहे आणि ते आपल्या चिंचेतही भरपूर असतं, म्हणून चिंचही नको. चॉकलेट नको. मीठ नको. पाककृतीतून एकेक जिन्नस उठून चालता झाला आणि शेवटी साच्यांत घालायला साचेच उरले.

मग मी डोकं लढवलं. टरबुजाच्या बिया वेचून गर मिक्सरमधून काढला, तो एक प्रकार. बिनसाखरेच्या दह्यात केळं कुस्करून दुसरा. इडलीच्या ताटांत दही थापून तशीच गोठवली, तो तिसरा, आणि माझ्या मते सर्वांत हुशारीचा, कारण त्या खळग्यांतून चाटून चाटून दही काढायला ब्रूनोला वेळ लागतो आणि तेवढ्यात माझी डाळ फोडणीला पडते. कुल्फीला काडी लावली तर लॅब्राडॉर ती काडीसकट गिळेल, म्हणून काडीच्या जागी गाजर खोचलं. दांडाही पोटात गेला की काम संपलं. नुसत्या बर्फाचे टणक खडे मात्र देत नाही. हा कडाकड फोडायला बघतो आणि दाताचा टवका उडायची भीती.

या जातीच्या खादाडपणालाही शास्त्राचा आधार आहे. केंब्रिजच्या संशोधकांनी 2016 साली दाखवून दिलं की, साधारण चारातल्या एका लॅब्राडॉरमध्ये भुकेशी संबंधित एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो, त्यामुळे त्यांचं लक्ष सदैव खाण्यावर. आमच्या ब्रूनोमध्ये चौघांचाही गळला असावा. डॉक्टरीणबाईंचा नियम असा की, असला वरखाऊ दिवसभराच्या खाण्याच्या दहा टक्क्यांवर जाता कामा नये. ब्रूनोला टक्केवारी मान्य नाही.

पहिल्या खेपेची कुल्फी त्याला दिली तेव्हा हे मागे उभे होते. बराच वेळ बघत राहिले.

‘‘यात साखर नाही ना?’’

‘‘नाही.’’

‘‘तूप, मलई?’’

‘‘काही नाही.’’

‘‘मग मला एक काढ.’’

यांना मधुमेह आहे. त्यांच्या डॉक्टरांनी दिलेला कागद आणि ब्रूनोच्या डॉक्टरीणबाईंनी दिलेला कागद मी फ्रीजवर शेजारी शेजारी लावले, तर दोन्ही जवळपास एकच. साखर नाही, मीठ बेतानं, तळलेलं नाही, मोजून खायचं, पहाटे चालायचं. फरक एवढाच की ब्रूनो ते पाळतो, कारण त्याला फ्रीज उघडता येत नाही.

फळातही साखर असतेच, म्हणून यांना मी अर्धीच दिली. कुल्फी खाऊन हे म्हणाले, ‘‘जरा फिकी आहे.’’ मग भाचीने अमेरिकेहून आणलेली, साखरेऐवजी वापरायची पावडर घेऊन आले. ‘‘माझी साखर याने वाढत नाही, त्याची कशाला वाढेल? दोघांच्यातही घाल.’’ मी चष्मा लावून डबीवरचं बारीक अक्षर वाचलं. झायलिटॉल. मुलाच्या पत्रिकेत हा शब्द लाल रंगात होता. माणसाला हे बाधत नाही. कुत्र्याच्या शरीरात मात्र त्याने एकदम इन्सुलिन सुटतं, रक्तातली साखर धाडकन उतरते, यकृतही जाऊ शकतं. बिनसाखरेच्या च्युइंगगममध्ये आणि काही पीनट बटरमध्येही हे असतं. डबी कपाटाच्या वरच्या फळीवर गेली. यांच्यात आणि ब्रूनोत शेवटी काहीतरी वेगळं निघालं, याचं यांना समाधान वाटलेलं दिसलं.

सासूबाई पहिल्यापासून विरोधात. ‘‘कुत्र्याला बर्फ देता, कफ होईल.’’ पुढे नवतपा लागला, वीज गेली, कूलर बंद पडला आणि त्यांनी मला हळूच हाक मारली. ‘‘त्याच्या टरबुजातलं थोडं असेल तर दे. काळं मीठ भुरभुरव वरून.’’ आता त्यांचा डबा वेगळा, मिठाचा, त्यावर ‘आई’ लिहिलेलं. ब्रूनोच्या डब्यावर काही लिहिलेलं नाही. तो वाचत नाही, वासावर ओळखतो.

खरी कानउघाडणी केली ती आमच्या कामवाल्या मावशींनी. अकराच्या उन्हातून चालत येतात, डोक्याला ओला दुपट्टा. मी साच्यांत दही भरत होते, त्या कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या.

‘‘कुत्र्याले कुल्फी करून राहिल्या का जी?’’

‘‘हो, त्याला फार गरम होतं.’’

‘‘अन् मले चहा!’’

उत्तर नव्हतं. चौथा डबा सुरू झाला, मावशींचा. त्यांनी अटी घातल्या त्या अशा: आटवलेलं दूध, भरपूर साखर, पिस्ता दिसला पाहिजे, आणि गाजर खोचायचं नाही. त्याच दिवशी त्यांनी मला फाटकाबाहेर सिमेंटचं टाकं भरून ठेवायला लावलं. ‘‘रस्त्यावरच्याईले तुमचं दही नाही पाह्यजे, पाणी पाह्यजे.’’ दुपारभर उभ्या गाड्यांखाली पडून राहणारी गल्लीतली मंडळी आता संध्याकाळी तिथे येतात आणि ब्रूनो आतून त्यांच्यावर भुंकतो, पोटात थंडगार टरबूज घेऊन.

आता फ्रीझरमध्ये खऱ्या साखरेचा एक डबा आला होता आणि ही बातमी यांच्यापासून लपणं शक्य नव्हतं. एका रात्री स्वयंपाकघरात जोरजोरात भुंकणं सुरू झालं. दिवा लावला तर फ्रीझरचं दार उघडं, आतला गार धूर बाहेर येतोय, हे पायजम्यात उभे, आणि समोर ब्रूनो. फ्रीझरचं दार करकरलं की कुल्फी येते, हे तो पक्कं शिकला आहे. दिवस असो, मध्यरात्र असो, त्याला त्याचा वाटा हवा. वाटा मिळेपर्यंत तो गप्प बसत नाही.

दुसऱ्या रात्री तेच. नंतर यांनी दाराच्या बिजागरीला खोबरेल तेल घातलं. कुत्र्याच्या कानापुढे खोबरेलाचं काय चालणार! त्याचं अंथरूण तेव्हापासून त्याने स्वतःच फ्रीजसमोर ओढून नेलं आहे आणि कूलरसमोरची जागा यांना परत मिळाली आहे.

जूनअखेरीला यांची तीन महिन्यांची साखर तपासली. आकडा बराच खाली आला होता. डॉक्टरांनी चष्म्यावरून बघत विचारलं, ‘‘हे कसं जमवलंत?’’

‘‘मनावर ताबा,’’ हे म्हणाले.