गोळी चालू आहे ना, भाऊ!

वर्ध्यातले भाऊ ओळखायला फार हुशारी लागत नाही. पहाटे हनुमान टेकडीला फिरायला येतात आणि स्कूटर पायथ्याच्या शक्य तितक्या जवळ लावतात. फिरायला आल्यावर उगाच चालावं लागू नये हा हेतू. पायात पांढरे बूट, मनगटावर पुण्याच्या लेकानं पाठवलेलं पावलं मोजणारं घड्याळ आणि खिशात पन्नीत घोटलेला तंबाखू-सुपारीचा खर्रा. वय पन्नाशीपलीकडचं, शुगर चारेक वर्षांपूर्वी निघालेली, आणि ज्ञान अफाट. मेथीदाणे कधी भिजवावे, जांभळाच्या बियांची पूड किती घ्यावी, कोणत्या तेलानं रक्त पातळ होतं, सगळं मुखोद्गत. टेकडी उतरली की भाऊ टपरीवर पोहे घेतात, तर्री सढळ हातानं मागतात, सोबत एक समोसा, आणि चहा मात्र बिनसाखरेचा. त्या अटीवर ते हटून बसतात. कोणाची नजर समोशाकडे गेलीच तर उत्तर तयार असतं, "गोळी चालू आहे ना, भाऊ!"

भाऊंना अडाणी म्हणणं अन्यायाचं होईल. आरोग्याची जबाबदारी त्यांनी झटकलेली नाही, व्यवस्थित वाटून दिली आहे. साखरेची जबाबदारी गोळीकडे, पावलांची घड्याळाकडे, भाजीतल्या तेलाची बायकोकडे, रोगाची आनुवंशिकतेकडे आणि आयुष्याची वरच्याकडे. स्वतःकडे त्यांनी फक्त जेवण ठेवलं आहे. ही वाटणी नवी नाही. 1909 साली ‘हिंद स्वराज’मध्ये गांधींनी डॉक्टरांवर जो राग काढला, त्याचा गाभा हाच होता: मी जास्त खातो, अपचन होतं, डॉक्टर गोळी देतो, मी बरा होतो आणि पुन्हा जास्त खातो. गोळीनं पोट सुधारलं, पण माणूस होता तिथेच राहिला. हेच गांधी 1936 मध्ये वर्ध्याजवळच्या सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहायला आले. त्यांच्या आश्रमाच्या अकरा व्रतांत अस्वाद हे एक व्रत होतं आणि ताटात कडुनिंबाची चटणी असे. भाऊ दर 2 ऑक्टोबरला बापू कुटीसमोर मनोभावे हात जोडतात आणि येताना अर्धा किलो गोरसपाक घेतात.

भाऊंच्या व्यवस्थेत खोट आहे ती साध्या हिशेबाची. अर्धा तास झपाट्यानं चालून साधारण सव्वाशे-दीडशे कॅलरी खर्च होतात. एक बऱ्यापैकी समोसा त्याहून जास्त परत देतो, पोहे वेगळेच. घड्याळ चाललेलं मोजतं, खाल्लेलं मोजत नाही, म्हणून भाऊंना ते प्रामाणिक वाटतं. रक्त तपासायच्या आधी ते तीन दिवस भात सोडतात आणि उपाशीपोटीच्या आकड्यावर खूश होतात. पण एचबीए१सी नावाची तपासणी अशी दाद देत नाही. तांबड्या पेशी सुमारे 120 दिवस जगतात आणि गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची चुगली करतात. आता गोळी आणि राहणी यांचा सामना. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या माणसांवर झालेल्या मोठ्या अमेरिकी चाचणीचे निष्कर्ष 2002 मध्ये आले. आठवड्याला किमान दीडशे मिनिटं व्यायाम आणि थोडं वजन कमी, एवढ्यानं मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं; मेटफॉर्मिनच्या गोळीनं 31 टक्क्यांनी. 2006 च्या भारतीय चाचणीत राहणीतल्या बदलाचा लाभ 28.5 टक्के निघाला, म्हणजे गोळीच्या जवळपास बरोबरीचा. ज्याला मधुमेह झालाच आहे त्यानं गोळी सोडावी असा याचा अर्थ मुळीच नाही. स्वतः गांधींनीही 1924 मध्ये पुण्याच्या ससूनमध्ये अपेंडिक्सची शस्त्रक्रिया करून घेतली होती. गोळी घ्यायचीच, तिला समोशाचा परवाना समजायचं नाही.

यावर भाऊंचा पहिला आक्षेप आजोबांच्या नावानं येतो. "आमचा आजा वाटीनं तूप पेत जाये, नव्वद वर्षं जगला." खरं असेल. पण आजा दिवसभर वखरामागं चालत होता, ज्वारीची भाकर खात होता, आणि तूप सणासुदीला मिळत होतं. भाऊंनी वारशात तूप घेतलं, वखर चुलतभावाला सोडला. दुसरा आक्षेप रक्तातल्या वारशाचा. तो निम्मा खरा आहे. पण बापाला शुगर असेल तर मुलानं जास्त जपायला हवं, भाऊ मात्र त्याच आधारावर सूट मागतात. तिसरा आक्षेप उन्हाचा. मे महिन्यात वर्ध्याचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो हे कबूल, पण पहाट त्या महिन्यातही होते, आणि उरलेल्या अकरा महिन्यांची रजा मे महिन्याच्या नावावर टाकता येत नाही.

एक आक्षेप मात्र भाऊ घेत नाहीत आणि तोच सर्वांत वजनदार आहे. दिवसभर कापूस वेचणाऱ्या बाईला व्यायाम सांगणं ही थट्टा होईल. तिच्या ताटात काय पडावं हे तिच्या मजुरीवर ठरतं. निवड जितकी हातात, जबाबदारी तितकीच. म्हणून सरकारचं काम संपत नाही. पण सरकार कुठवर पुरतं, हेही याच जिल्ह्यात दिसतं: 1975 पासून इथे दारूबंदी आहे, 2012 पासून राज्यात गुटखाबंदी आहे, आणि तरी भाऊंचा खर्रा ठरल्या वेळी घोटला जातो. कायदा दुकानापर्यंत जातो. दुकानापासून तोंडापर्यंतचं अंतर माणसाचं स्वतःचं असतं. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयानं हे फार पूर्वी ओळखलं होतं. आसपासच्या खेड्यांसाठी त्यांनी आरोग्यविमा काढला तो ज्वारीवर: सुगीला प्रत्येक घरानं ऐपतीप्रमाणे धान्य द्यायचं, गावातली बहुतेक घरं सामील झाली तरच योजना लागू. फुकट औषधाला गर्दी जमवणं सोपं होतं. पण आपलं आरोग्य ही आपलीही बाब आहे, हे पायलीनं मोजून द्यायला लावण्यात खरी हुशारी होती. आणि ते धान्य माणूस आजारी पडल्यावर नव्हे, धडधाकट असताना द्यायचं होतं. भाऊंचा हप्ता तर त्याहून स्वस्त आहे: रोजचा अर्धा तास आणि दिवसाकाठी एक नकार. गोळीच्या नावावर तो भरता येत नाही, घड्याळाच्या नावावर नाही, आणि आजाच्या नावावर तर नाहीच नाही.