ओलं जळत नाही

व्हरमाँटमध्ये कोणी कोणाला पगार विचारत नाही. वय विचारणं असभ्य, घर केवढ्याला पडलं हे विचारणं त्याहून असभ्य. पण ऑगस्ट लागला की पोस्टात, किराणा दुकानात, दातांच्या दवाखान्यात तोंडात नळी असतानासुद्धा एकच प्रश्न येतो : "लाकडं भरली का?" नुसतं "हो" म्हणून सुटका होत नाही. किती कॉर्ड, कोणत्या झाडाची, कधी फोडलेली, कुठे रचलीत, अशी रीतसर जबानी होते. ओक म्हणालात की भुवया आदराने वर जातात. पाइन म्हणालात की लोक हवापाण्याचा विषय काढतात.

कॉर्ड म्हणजे चार फूट रुंद, चार फूट उंच आणि आठ फूट लांब अशी नीट रचलेली थप्पी. 128 घनफूट. घर जुनं असेल तर एका हिवाळ्यात अशा चार-पाच थप्प्या सहज धुराड्यातून जातात. मी सांगलीचा. आमच्या वखारीत जळण काट्यावर मिळायचं आणि वखारवाला ते ओलंच ठेवायचा, कारण पाण्याला वजन असतं. इथे माप घनफुटाचं, त्यामुळे पाण्याचे पैसे द्यावे लागत नाहीत. हवेचे द्यावे लागतात. ट्रकमधून अंगणात ओतलेला डोंगर बघून छाती दडपते. तोच रचायला घेतला की संध्याकाळपर्यंत त्याची टेकडी झालेली असते.

आपल्याकडे सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात. तसं म्हणणाऱ्याने लोखंडी स्टोव्ह पेटवलेला नसावा. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणीच असतं. ते वीस टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय लाकूड धड पेटत नाही. फुसफुसतं, टोकांतून फेस काढतं, आणि आगीचा सगळा जीव पाणी उकळण्यात जातो. थंडावलेला धूर धुराड्यात डांबरासारखा काळा थर धरतो आणि एखाद्या रात्री तो थरच पेट घेतो. म्हणून ओकला फोडल्यावर दोन उन्हाळे दाखवायचे, मेपलला एक. अॅश मात्र गुणी झाड, अंगात पाणीच कमी. आता त्याच्यावर आशियातून आलेला एक हिरवा भुंगेरा पडलाय. व्हरमाँटमध्ये तो 2018 साली सापडला. तेव्हापासून कोणी लांबून जळण आणलं की त्याच्याकडे तस्करी केल्यासारखं बघतात.

ओल मोजायला दोन सुयांचं यंत्र मिळतं. मी घेतलं. शेजारच्या आजोबांनी ते उलटसुलट बघितलं, परत दिलं, आणि माझ्या थप्पीतली दोन ढलपी उचलून एकमेकांवर आपटली. टण्ण आवाज आला तर सुकं, थप्प आला तर ओलं. थप्प आला. आजोबा काही बोलले नाहीत. त्यांना बोलायची गरजच नव्हती. 1973 साली अरबांनी तेल रोखलं ते या माणसाने मनाला लावून घेतलं. त्या वर्षी स्टोव्ह बसवला आणि आजतागायत तेलवाल्याला दारात उभं केलं नाही.

रचण्याचं शास्त्र आणखी नाजूक. साल वर ठेवायची की खाली? वर ठेवली तर पाऊस वरच्यावर ओघळतो, खाली ठेवली तर लाकूड लवकर वाळतं. दोन्ही पक्षांकडे पुरावे आहेत आणि दोन्ही पक्ष तडजोडीला तयार नाहीत. नॉर्वेत तर हे प्रकरण राष्ट्रीय पातळीवर गेलं. लार्स मिटिंग नावाच्या लेखकाचं जळणाच्या लाकडांवरचं पुस्तक तिथे तुफान खपलं होतं. मग 2013 च्या फेब्रुवारीत सरकारी टीव्हीने जळणावर सलग बारा तासांचा कार्यक्रम केला. चार तास चर्चा आणि उरलेले आठ तास थेट प्रक्षेपण, नुसत्या पेटलेल्या शेकोटीचं. प्रेक्षकांनी भराभर तक्रारी पाठवल्या : काहींना साल वर का म्हणून राग, बाकीच्यांना खाली का म्हणून. आपल्याकडे बारा तास फोडणी दाखवली असती तर मोहरी आधी की हिंग आधी यावरून हेच झालं असतं. शेजारच्या आजी-आजोबांचा संसार मात्र इतकी वर्षं सुखाचा चाललाय. त्यांच्या थप्प्या वेगळ्या आहेत.

लाकडाची ऊब स्वस्त पडते, असं म्हणतात. कुऱ्हाड, पाचर, करवत, ते सुयांचं यंत्र, लाकडांवरचं छप्पर, दर वर्षीची धुराड्याची सफाई आणि कमरेचा डॉक्टर एवढं सोडलं तर खरोखरच स्वस्त पडते. शिवाय ती घरभर सारखी पसरत नाही. आमच्या दिवाणखान्यात चैत्र असतो, झोपायच्या खोलीत कार्तिक आणि न्हाणीघरात पौष. रात्री दोनच्या सुमाराला आग मंदावते. थंडी आधी ज्याच्या नाकाला लागेल त्याने उठून दोन ओंडके घालायचे, असा आमच्यात करार आहे. त्यामुळे दोघंही नाक पांघरुणात खुपसून झोपतो.

आणि एका जानेवारीत बर्फ बघायला म्हणून आई आली. बर्फ तिने खिडकीतून एकदा बघितलं. मग स्टोव्हसमोर खुर्ची घेऊन बसली ती कायमची.

"दिवसभर एवढं जळण घालता," ती म्हणाली, "आणि आंघोळीचं पाणी गॅसवर? ह्याला बंब का नाही जोडत?"

बंद टाकीत वाफ कोंडली तर स्फोट होतो, विमा कंपनी परवानगी देत नाही, वगैरे मी समजावलं.

"आपला बंब कुठे बंद होता? वरून एक तांब्या ओतायचा, खालून एक काढायचा. शेंगांच्या टरफलांवर सगळं घर आंघोळ करायचं. कोण फुटलं?"

दुसऱ्या दिवशी स्टोव्हवर पातेलं चढलं, तिसऱ्या दिवशी निखाऱ्यांत वांगी गेली. भरताचा वास अजून दरवळतोय तोच छताला चिकटवलेलं धुराचं यंत्र किंचाळायला लागलं. शेजारचे आजोबा गावच्या अग्निशमन दलात स्वयंसेवक. ते बूट घालून धावत आले, स्टोव्ह तपासला, आणि मग आईने पुढे केलेली वाटी उभ्यानेच संपवली. जाताना त्यांनी मला एवढंच विचारलं की निखारे मेपलचे का. आईला इंग्रजी येत नाही. तिने मेपल तेवढं पकडलं आणि मान डोलावली.

राखेवरून मात्र दोघांचं बिनसलं. राख लोखंडी बादलीत झाकण लावून बाहेर ठेवावी लागते. आतले निखारे दिवसेंदिवस जिवंत राहतात. पुढे आजोबा ती वाटेवरच्या बर्फावर टाकतात, म्हणजे पाय घसरत नाही. उरलेली परसात. चांगली राख पायदळी जाते हे बघून आईचा जीव तुटला. तिने आमची गार झालेली बादली घरात आणली, परातभर राख चाळली, नारळाची शेंडी मिळेना म्हणून माझा जुना मोजा घेतला आणि दुपारभर मोरीपाशी उभी राहिली. संध्याकाळी सूनबाई कामावरून आल्या तेव्हा आमचा नवा नॉनस्टिक तवा ओट्यावर लख्ख चांदीसारखा चमकत होता.

"किती वर्षं घासला नव्हता गं हा?" आई म्हणाली. "हात भरून आले, पण सगळं काळं काढलं."