खंड्या कान देत नाही

आमच्या औषधांच्या कपाटाला दार एकच आहे आणि ते उघडताना होणारा आवाजही, माझ्या कानांना तरी, एकच. सासूबाईंची रक्तदाबाची गोळी काढायला उघडा, मुलाच्या गुडघ्याचं मलम काढायला उघडा, खंड्या ओटीवर तंगड्या पसरून घोरत असतो तो घोरतच राहतो. पण मधल्या फळीवरच्या निळ्या झाकणाच्या बाटलीकडे हात नुसता वळला, की ओटी रिकामी. बाटली अजून फळीवरच असते. झाकण उघडणं तर फार पुढची गोष्ट.

माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला ४५,०००च्या आसपासपर्यंत. तेव्हा माझ्या मनातला बेतही त्याला ऐकू येत असावा. आणि हाच कुत्रा समोर उभं राहून खणखणीत आवाजात ‘खंड्या, इकडे ये’ म्हटलं की ठार बहिरा. फ्रान्सिस गाल्टन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं माणसाला ऐकू न येणारी बारीक शिट्टी तयार केली होती. ती काठीत बसवून तो प्राण्यांजवळून फिरायचा आणि कोण कान हलवतंय ते बघायचा. लहान कुत्र्यांना ती ऐकू येते, मोठ्यांना येत नाही, असं त्यानं १८८३च्या पुस्तकात लिहून ठेवलंय. मोठ्यांच्या बाबतीत त्यात ऐकू न येण्याचा भाग किती आणि दाद न देण्याचा किती, हे ठरवायला गाल्टनसाहेबांनी आमच्याकडे चार दिवस राहायला यायला हवं होतं.

खंड्या लॅब्राडॉर आहे. त्याचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या गारठ्यात कोळ्यांच्या होड्यांवर कामाला असत, दोर ओढत, जाळ्यातून निसटलेले मासे धरून आणत. यातलं काम वगळून पाण्यात उडी मारणं तेवढं खंड्यानं उचललंय. आम्ही राहतो रत्नागिरीत. भाट्याचा किनारा जवळ, घरामागे पऱ्या, आणि जूनमध्ये पाऊस लागला की गणपतीपर्यंत या घरात शाळेचे मोजे, सासूबाईंची नऊवारी, उंबऱ्यातलं पायपुसणं आणि खंड्याचे कान यांपैकी काहीही धड वाळत नाही. मोजे आम्ही इस्त्रीनं वाळवतो.

आमचे डॉक्टर मूळचे गुरांचे. म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून रेडकू फिरवणाऱ्या माणसाला कुत्र्याच्या कानाचं काय कौतुक असणार, असं मला वाटलं होतं. पण त्यांनी औषधाच्या चिठ्ठीमागे चित्रच काढून दाखवलं. “वहिनी, आपल्या कानाची नळी बरीचशी सरळ आत जाते. ह्याची आधी खाली उतरते आणि मग काटकोनात वळते. न्हाणीघराच्या मोरीखाली पाइपाला एल्बो असतो ना, तसं. आता मला सांगा, मोरी तुंबते ती कुठे?”

एल्बोत. हे कोकणातल्या बाईला सांगावं लागत नाही. तेव्हा कापसाची काडी घालून कान कोरायचा नाही, कारण ती मळ बाहेर काढत नाही, वळणावर नेऊन ठासते. वर पुन्हा लॅब्राडॉरच्या कानाला कातडीचं झाकण. आत ऊब, ओल आणि मेण, आणि वारा शून्य.

हे झाकण आलं कुठून, याची चौकशी मी माझ्या परीनं केली. डार्विननं १८५९च्या पुस्तकातच नोंदवलंय की माणसानं पाळलेला असा एकही प्राणी सांगता येत नाही, ज्याचे कान कुठल्या ना कुठल्या देशात लोंबते झालेले नाहीत. पुढे बेल्यायेव नावाच्या रशियन शास्त्रज्ञानं १९५९मध्ये सैबेरियात कोल्ह्यांवर प्रयोग सुरू केला. जे कोल्हे माणसाला घाबरत नाहीत, अंगावर येत नाहीत, फक्त त्यांचीच वीण वाढवायची. त्यानं निवडला होता नुसता स्वभाव. पण काही पिढ्यांत काहींच्या शेपट्या वळल्या आणि काहींचे कान पडले. म्हणजे घरात राहून, वेळेवर खाऊन, कुणाशी न भांडता जगायचं ठरवलं की कान पडतात. हे मी नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यानं पेपरातून डोकं वर काढलं नाही.

खंड्याच्या कानांवर काय करायचं, यावर घरात सर्वांत आधी मत दिलं ते सासूबाईंनी. खोबरेल तेलात लसणीच्या दोन पाकळ्या चांगल्या कडकडवायच्या, कोमट झालं की दोन थेंब कानात, वर कापसाचा बोळा. या घरातल्या तीन पिढ्या त्या तेलावर वाढल्या, “मग त्याला काय धाड भरलीय?” शेजारच्या काकांनी हायड्रोजन पेरॉक्साइड सुचवलं. ते घातलं की फेस येतो, फेस आला म्हणजे मळ निघाला, असा त्यांचा हिशेब. त्यांच्या जावयानं फोनवरून व्हिनेगर सांगितलं. ज्यांनी जन्मात कुत्रा पाळलेला नाही अशा लोकांकडे कुत्र्याच्या कानांवर किती उपाय असतात, हे खंड्या आल्यावरच मला कळलं.

डॉक्टरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. आत कातडी सोललेली असेल तर पेरॉक्साइड, व्हिनेगर, स्पिरिट ही सगळी आग लावतात, म्हणाले. तेलावर मात्र ते थेट सासूबाईंशी बोलले. “आजी, ते लसणीचं तेल मला द्या, भाकरीबरोबर खातो. ह्याच्या कानात नको. ह्याच्या कातडीवर मॅलॅसेझिया नावाची बुरशी मुळातच असते, एरवी गप्प बसलेली. ओल, ऊब आणि वर तेल मिळालं की ती पसरलीच.” सासूबाई त्या नावाला दचकल्या आणि त्यांनी तेलाचा आग्रह सोडला. मराठी नाव असतं तर सोडला नसता.

मग कान धुण्याच्या औषधाची ती निळ्या झाकणाची बाटली घरात आली, आणि आमच्या घरातलं राजकारण सुरू झालं.

नवऱ्याकडे धरण्याचं खातं. ‘मिठी मारली की तो शांत होतो’ हा त्याचा सिद्धान्त. बत्तीस किलोचा कुत्रा मिठीत घेतल्यावर एकाएकी बिनहाडांचा होतो आणि काखेतून खाली ओघळतो, हे सिद्धान्तात बसत नव्हतं. मुलाकडे लाच देण्याचं खातं. लाच म्हणजे उकडलेलं अंडं. आमच्याकडे अंड्याला माजघरात मज्जाव आहे, पडवीपर्यंतच परवानगी. त्यामुळे कान धुण्याचं काम पडवीतच व्हायला हवं, आणि पडवीला दार नाही. खंड्याला हे सारं कुठल्या बैठकीत कळतं कोण जाणे. अंडं तो नम्रपणे स्वीकारतो, गिळतो आणि तोंडातलं संपायच्या आत माजघरातून थेट देवघरात.

तिथे त्याला अभय आहे. सासूबाई जपाला बसलेल्या असतात, त्यांच्या पाटाला टेकून तो बसतो, डावा कान जमिनीला दाबून. “देवापुढे ओढाताण नको हो,” त्या डोळे न उघडता म्हणतात. समोर भिंतीवर दत्तगुरूंची तसबीर. पायाशी चार श्वान, ते चार वेद. मला मात्र तिथे आठ कान दिसतात, आणि त्या त्रिमूर्तीबद्दल माझा आदर आणखी वाढतो. सहा हात उगाच नाहीत.

नामदेव महाराजांची गोष्ट आपल्याकडे पोरासोरांना पाठ असते. कुत्र्यानं भाकरी पळवली, आणि कोरडी भाकरी त्याच्या घशाखाली कशी उतरणार म्हणून महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. पऱ्याच्या काठाकाठानं, पावसात, हातात बाटली आणि कापूस घेऊन खंड्याच्या मागे धावताना मला ती गोष्ट आठवते. फरक इतकाच की महाराजांना त्या कुत्र्यात विठ्ठल दिसला. खंड्याला माझ्यात काय दिसतं, ते विचारायची माझी हिंमत नाही.

हा सगळा तमाशा एकदा डॉक्टरांच्या देखत झाला. ते शेजारी गाय बघायला आले होते, कुंपणापाशी उभे राहून त्यांनी तो शेवटपर्यंत पाहिला. मग म्हणाले, “तुम्ही तिघं एकदम उठता. एक जण दार लोटतो, एक टॉवेल आणतो, कोणी काही बोलत नाही. मी जरी असतो तरी पळालो असतो.”

त्यांची पद्धत अगदीच बिननाट्याची निघाली. बाटली कपाटात ठेवायचीच नाही, पडवीच्या कट्ट्यावर समोर ठेवायची, म्हणजे ती दिसली तर काही घडतंच असं नाही. येता-जाता कान हातात घ्यायचा, कुरवाळायचा, उलटा करून बघायचा आणि काही न करता सोडून द्यायचा. गोचीड तिथेच दडून बसतात, त्यामुळे तेही आपोआप पाहून होतं. बाटलीतली धार थेट कानात सोडायची नाही. इतके बारीक आवाज टिपणाऱ्या कानात तो ‘फस्स’ आवाज आणि पाठोपाठ गार पाणी, कोणीही उठेल. बाटली आधी मुठीत धरून जरा कोमटवायची, औषधात कापसाचा बोळा चिंब भिजवायचा, तो कानाच्या तोंडाशी ठेवायचा आणि बाहेरून दाबायचा. धरायला कोणी नको. नवऱ्याचं खातं असं काढून घेतलं गेलं.

आता काम कसं चालतं ते सांगते. पाऊस जरा थांबलेला असतो. मी पडवीत जमिनीवर बसते, पाठीला भिंत. खंड्या नारळाच्या चुडतांशी खेळून दमलेला, येऊन मांडीवर डोकं टाकतो. मी कान उलटते. आतली कातडी फिकट गुलाबी, तिच्यावर बारीक शिरा, खाली वळ्या, आणि वळ्यांच्या खोबणीत तपकिरी मेण. ओला बोळा ठेवल्याबरोबर तो दचकून डोकं उचलतो, पण मुलगा अंड्याचा तुकडा नाकापुढे धरून असतो. खाताना डोकं स्थिर राहतं, तेवढा वेळ मला पुरतो. कानाच्या मुळाशी बोटाखाली एक कडक नळी लागते, ती अंगठा आणि बोटांत धरून हलके चोळायची. आतून ‘पचक पचक’ असा आवाज यायला लागतो. अर्धं मिनिट झालं की नवल घडतं. त्याचे डोळे अर्धवट मिटतात, खालचा ओठ लोंबतो, मागचा पाय हवेत आपोआप खाजवायला लागतो, आणि या कुत्र्यानं ज्या कामासाठी अख्खा पावसाळा घर डोक्यावर घेतलं, त्याच कामात तो सुखानं कण्हायला लागतो. वर मी हात थांबवला तर पंजानं माझा हात ओढतो. याला काय म्हणावं!

मग बोळा काढायचा आणि ताबडतोब मागे सरायचं, कारण आता तो डोकं झाडणार. झाडणं नाकापासून सुरू होतं, कान गालांवर फटाफट वाजतात, लाट पाठीवरून शेपटीपर्यंत जाते, आणि वळणात अडकलेला मळ स्वतःहून वर येतो. वर येतो म्हणजे पडवीच्या चुनकळीच्या भिंतीवर येतो, आणि नवऱ्याच्या चष्म्यावर. धरायचं खातं गेलं तरी तो बघायला जवळ बसतोच. उरलेलं बोटाला कापूस गुंडाळून पुसून घ्यायचं, बोट सहज जाईल तिथपर्यंतच. मग दुसरा कान. तो नको म्हणाला तर दुसरा कान उद्या. घाई माणसांना असते.

शेजारचा काळू हा सगळा सोहळा कुंपणापलीकडून बघत असतो. काळू गावठी आहे, कुणाचा नाही आणि सगळ्यांचा आहे. त्याचे कान उभे, टोकदार, दिवसभर समुद्राचा वारा खाणारे. त्याच्या कानाला जन्मात कुणी बोट लावलेलं नाही, आणि डॉक्टरांनी गंमत म्हणून एकदा पाहिले तर ते लख्ख निघाले. उभे कान असले म्हणजे दुखणं होतच नाही असं नाही, पण हवा खेळती राहते हे खरंच. काळू बघतो, जांभई देतो आणि उरलेलं अंडं न्यायला येतो.

हौसेनं रोज उठून कान धूत बसणाऱ्या लोकांचंही डॉक्टरांना कौतुक नाही. चांगल्या कानाला फारसं काही लागत नाही, उलट सारखं ओलं करून कातडी बिघडते. खंड्याचे धुवायचे ते समुद्रात डुंबून आल्यावर, किंवा मेण साचलेलं दिसलं तर. पोहून आला की आधी टॉवेलानं कोरडे करायचे, हे खरं काम. ते मात्र कोणी मनावर घेत नाही, कारण त्यात बाटली नाही.

तुमच्याकडे पडलेल्या कानांचा कुत्रा असेल तर आज संध्याकाळी एवढंच करा. कान वर करा आणि वास घ्या. काही वास नसेल, आत फिकट गुलाबी दिसत असेल, तर कान खाली सोडा आणि त्याला खेळायला जाऊ द्या. आंबूस वास आला, आत लाल दिसलं, पू किंवा काळपट भुगा दिसला, तो मान एका बाजूला तिरकी धरत असेल, सारखं डोकं झाडत असेल किंवा हात लावताच कळवळत असेल, तर घरात बाटलीसुद्धा उघडू नका. आतला पडदा फाटला असेल तर कानात काय घालायचं हे आपल्याला ठरवता येत नाही, आणि डोकं झाडून झाडून कानाच्या पाळीत रक्त साकळलं तर टाके घालायची वेळ येते. सरळ डॉक्टरांकडे न्या, गुरांचे असले तरी चालतील. आणि लसणीचं तेल भाकरीबरोबर खा.