टाळीचे फौजदार

मुंबईत नरिमन पॉइंटला एनसीपीएच्या सभागृहात विवाल्दीचे 'फोर सीझन्स' लागले, की टाळीचे फौजदार हजर झालेच म्हणून समजा. नेमणूक कोणी केलेली नसते. तिकीट काढून, वर पार्किंगचे पैसे भरून ते ड्युटीवर येतात.

हिशेब सोपा आहे. चार ऋतूंचे चार कन्चेर्तो, प्रत्येकाचे तीन भाग, एकूण बारा. टाळीला अधिकृत जागा चार. बाकी आठ ठिकाणी टाळी म्हणजे दखलपात्र गुन्हा. 'वसंता'चा पहिला भाग जाहिराती आणि फोनवर होल्डवर ठेवणाऱ्यांच्या कृपेने घराघरांत पोचलेला, त्यामुळे तो संपताच मागच्या रांगेत कुणाचे तरी हात वाजतातच. फौजदारांची आधी मान वळते, मग खांदे, शेवटी चष्म्यावरून नजर. वाजलेले हात मांडीखाली जातात.

दुसऱ्या भागात मेंढपाळ झोपलाय, व्हायोलिनं अगदी दबक्या आवाजात पानं सळसळवतायत आणि व्हायोला मात्र दोन-दोन ठसठशीत स्वर देतोय. तो मेंढपाळाचा कुत्रा. विवाल्दीने स्वरलिपीतच तसं लिहून ठेवलंय. फौजदारांना हे ठाऊक आहे, आणि ठाऊक असलेलं पोटात ठेवणं हा त्यांचा स्वभाव नाही. "कुत्रा! कुत्रा भुंकतोय बरं का!" हे ते शेजारच्याला कुजबुज समजून सांगतात, पण ते पाच रांगांना ऐकू जातं. "अहो, हळू," असं वहिनी म्हणतात. त्या मात्र खरोखर कुजबुजतात.

खोकल्याची फाइल वेगळी. घसा कुठे खवखवला, की फौजदार छातीत कळ आल्यासारखे डोळे मिटतात. गंमत अशी, की विवाल्दी व्हेनिसच्या ज्या अनाथालयात मुलींना व्हायोलिन शिकवायचा, तसल्या अनाथालयांच्या चर्चमधल्या मैफिलींत टाळीला बंदी होती. मग खूश झालेले श्रोते खोकायचे, नाकं शिंकरायचे, पाय घासायचे. आज ज्या खोकल्यावर डोळे वटारले जातात, तो तेव्हाचा वन्स मोअर! कुणीतरी हे त्यांच्या कानावर घातलं, तर म्हणाले, "ते व्हेनिस होतं. तिथे दमटपणा फार." (मुंबईत बसून!)

मध्यंतरात ते सँडविचच्या रांगेत व्याख्यान देतात. आज तारा धातूच्या आहेत, असली मजा आतड्याच्या तारांत. आणि 'अ' चारशे चाळीसला लावलाय, बरोकसाठी चारशे पंधरा हवा, अर्धा स्वर खाली. पुढची बाई हातातल्या पनीर सँडविचकडे पाहत 'आतड्याच्या' या शब्दावर थबकलेली असते. 'ग्रीष्मा'तल्या वादळात वीज कडाडली तेव्हा तिच्या अंगावर काटा आला होता, हे तिला कुणाला तरी सांगायचं असतं. फौजदार विचारत नाहीत. वादळात ते बाल्कनीतल्या एका मोबाइलच्या उजेडावर नजर ठेवून होते.

'शिशिर' संपतो. गज तारेवरून पुरता उचललेलाही नसतो, तोच "ब्रावा!" अशी आरोळी उठते. तुकडा कुठे संपतो हे आपल्याला सर्वांआधी कळतं, एवढं जगाला कळवायला अर्धा सेकंद पुरतो. बाजूचा उत्साही पोरगा मग "ब्राव्हो!" ओरडतो.

"ब्रावा," फौजदार टाळ्या थांबवून त्याला समजावतात. "बाई आहेत."