तिसऱ्या मजल्यावरच्या टोकियोस

मा. संगीतकार,
तिसरा मजला, आमचीच सोसायटी, मुलुंड (पूर्व)

सप्रेम नमस्कार, वि. वि.

कोजागिरीला गच्चीवर आपण आपला नवा ट्रॅक ऐकवलात. दूध आटलं, ट्रॅक आटला नाही. सुरुवातीला आपण जाहीर केलंत, ‘जपानी-चायनीज व्हाइब आहे.’ दोन देश एका दमात उरकण्यात आपण पहिले नाही. नाक्यावरचा चायनीज भेळवालाही तेच करतो, पण तो चटणी तरी स्वतः वाटतो.

किरकोळ तक्रारी आधी संपवतो. किक इतकी फुगलेली की टाकीचं झाकण थरथरत होतं. मध्येच एक जपानी मुलगी हसते. का, ते तिलाही ठाऊक नसावं. शिवाय गाँग. चार वेळा.

खरा मुद्दा कोटोचा, त्या जपानी तंतुवाद्याचा. कोटोला तेरा तारा, प्रत्येक तारेखाली सरकती घोडी. उजव्या हाताच्या तीन बोटांत नख्या घालून तार छेडायची आणि डाव्या हाताने घोडीपलीकडे तीच तार दाबून सूर चढवायचा. आपल्या कोटोला डावा हातच नाही. प्रत्येक सूर एकाच वजनाचा, माउसने चिकटवलेला. आणि सूर कोणते? सा रे ग प ध. महाराज, हा भूप झाला! चीनमध्येही हे पाच सूर चालतात, मान्य. पण कोटोची ती उदासी हवी होती, तर सा, कोमल रे, म, प, कोमल ध घ्यायचे. आपल्या गुणक्रीचेच सूर. लहानपणी पेटीच्या क्लासला जात होतात, म्हणून ही अपेक्षा.

हेही गिळलं असतं. पण गणपतीत भांडुपहून बेंजो पार्टी आली, तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यात लांबलचक मेसेज कुणाचा होता? आपला. ‘डाउनमार्केट गोंगाट’ हे शब्द आपले. अरे गाढवा, ते जपानी वाद्य होतं! 1912 मध्ये नागोयाच्या गोरो मोरिता यांनी तारांवर टाइपरायटरसारखी बटणं बसवून तायशोगोतो बनवलं. आपल्याकडे त्याचा बुलबुल तरंग झाला आणि मुंबईच्या मिरवणुकीत पिकअप लावून बेंजो. जपान तुझ्या खिडकीखाली घामाघूम होऊन वाजत होतं आणि तू स्लायडिंग लावून घेतलीस. वर इंटरनेटवरून फुकटचा कोटो उतरवलास!

असो. तू ऐरोलीहून रात्री परततोस, हॉलमध्ये आजोबा झोपलेले असतात, म्हणून हेडफोन लावून काम करतोस, हे मला माहीत आहे. हेडफोनमध्ये खर्ज कानाला कळतो, छातीला नाही. म्हणून किक वाढवत गेलास. आणि मुलुंडच्या पोराने खरा कोटो बघायचा तरी कुठे?

शिवाय दुसऱ्या गाँगच्या आधी एक जागा आहे. सगळं थांबतं, एकटी सिंथची ओळ उरते आणि धैवतावरून पंचमावर तू सूर हाताने ओढत आणतोस, किंचित बेसूर. तेवढी चार आवर्तनं तुझी आहेत. 1982 मध्ये याच शहरात चरणजित सिंग यांनी रोलँडच्या जपानी यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले, त्यात भूपाली, म्हणजे तुझा भूपही आहे. त्या यंत्रांपैकी टीबी-303 एका सुरावरून दुसऱ्यावर घसरतं. ती घसरण त्यांनी रागाच्या कामी लावली. तेव्हा त्या रेकॉर्डकडे फारसं कुणी पाहिलं नाही. 2010 मध्ये ती पुन्हा निघाली आणि परदेशातल्या लोकांनी कान टवकारले. यंत्र जपानचं होतं, कान इथले होते.

तेव्हा विनंती अशी. ग्रुपवरचा तो मेसेज आधी डिलीट कर. मग भांडुपला जाऊन त्या बेंजोवाल्याला गाठ, त्याच्या बटणांवर बोटं ठेवून बघ. ती चार आवर्तनं ठेव, बाकीचा ट्रॅक पुसून टाक. गाँग मात्र आजच काढ.

कळावे,
दुसरा मजला