स्पेन आंबोलीच्या खाली आहे

आजऱ्यातल्या निम्म्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या बार्सिलोना फिरतंय. कुणाचा जावई, कुणाची आयटीतली पोरगी, कुणाचा नुकताच रिटायर झालेला मेहुणा. मागे वास्तुकार गाउदीचं न संपलेलं चर्च, पुढे आपली माणसं, गळ्यात पासपोर्टची पिशवी. खाली शेरा ठरलेला : नशीब लागतं राव!

नशीब नाही. व्हिसा लागतो.

२०११ साली ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’मध्ये तीन हिंदी हिरोंनी स्पेनभर गाडी पळवली. तेव्हापासून आपल्या मध्यमवर्गाची ठाम समजूत आहे की, समुद्रकाठचं जुनं शहर उघड्या गाडीतून बघायचं असतं. हिरोंच्या गाडीला पार्किंग कुठं मिळालं, हे मात्र सिनेमात दाखवलेलं नाही.

असो. ज्याला व्हिसा जमत नाही त्यानं आंबोलीचा घाट उतरावा. सावंतवाडी, बांदा, पत्रादेवी, म्हापसा. संकेश्वर-बांदा रस्ता आता रुंद झालाय. आजऱ्यात नाष्टा करून निघालेला माणूस जेवायला पणजीत.

पणजी स्पेनची कधी झाली, ती तर पोर्तुगीजांची, असं म्हणणारा हुशार विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतोच. त्याच्यासाठी थोडा इतिहास. १५८० मध्ये पोर्तुगालच्या गादीला वारस उरला नाही आणि स्पेनच्या दुसऱ्या फिलिपनं ती गादी पटकावली. १६४० पर्यंत दोन मुकुट एकाच डोक्यावर. गोव्यात कारभारी पोर्तुगीज, धनी माद्रिदला.

म्हणजे आंबोलीखालचं गोवं साठ वर्षं स्पेनच्या राजाचं होतं. टूरवाल्यांना हे अजून कळलेलं नाही, नाहीतर दर कधीच वाढले असते.

आणि ती साठ वर्षं काही भाकड गेली नाहीत. जुन्या गोव्यातलं बॉम जेझूस चर्च १५९४ ते १६०५ मधलं. आग्वादचा किल्ला १६१२चा. पणजीतलं, पायऱ्यांवर सगळ्या महाराष्ट्रानं फोटो काढलेलं ते पांढरं चर्च मोठं करून पुन्हा बांधलं गेलं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला. गाइड हात लांब करून ‘पोर्तुगीज’ म्हणून जे जे दाखवतो, त्यातल्या बऱ्याच वास्तूंच्या काळात लिस्बनचा राजा माद्रिदला राहत होता.

खुद्द बॉम जेझूसमध्ये ज्याचे अवशेष आहेत तो सेंट फ्रान्सिस झेवियर तरी कुठला? नवाराचा. आजच्या स्पेनचा. १५४२ मध्ये गोव्याला आला, दहा वर्षांनी चीनच्या किनाऱ्यावरच्या बेटावर वारला आणि परत गोव्यालाच आणला गेला. दर दहा वर्षांनी त्याच्या दर्शनाला लाखोंची रांग लागते. मागची २०२४च्या नोव्हेंबरात सुरू झाली.

रांगेत उभं राहायला आपल्या लोकांना कधीच अडचण नसते. चालायला असते.

खरं दुखणं तेच. पणजीचा जुना भाग केवढा? स्टँडवर उतरावं, पाटोच्या पुलावरून खाडी ओलांडावी, की समोर मळा. नकाशावर त्यालाच फोंतेन्यास म्हणतात. तिथून चर्च, चर्चवरून खाली नदीकाठ, काठाकाठानं आदिलशहाचा वाडा. सगळं पायाखालचं. यात्रेत आजऱ्याच्या रामतीर्थाला आपण याहून जास्त तंगडतोड करतो.

पण नाही. आम्ही सात माणसं आणि दहा बॅगा घेऊन बोलेरोतच जाणार. तासभर पार्किंग शोधणार. एकानं उतरून मागं बघायचं, दुसऱ्यानं ‘येऊ दे, येऊ दे’ करायचं, तिसऱ्यानं पावतीवाल्याशी भांडायचं. शेवटी गाडी लागते ती अशा गल्लीत की, घरमालकाला स्वतःच्या दारातून बाहेर पडता येत नाही. मग एक पाहुणा गाडीतच बसून राहतो. उचलून नेली तर?

घरी आल्यावर तो सांगतो, पणजीत बघण्यासारखं काही नाही.

चालायचं नसेल तर पायलट आहे. मोटारसायकल, पुढचं मडगार्ड पिवळं, मागं एकच सवारी. ‘खंय वचपाचें?’ एवढंच विचारतो आणि तुमचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत तुम्ही तिथं असता. सात जणांच्या कुटुंबाला मात्र तो चालत नाही. एकाच्या मागं सात जण हा प्रकार कोल्हापूर जिल्ह्यात चालतो, गोव्यात पोलीस आहेत.

टॅक्सी? ओला-उबर गोव्यात शोधू नका. २०१८ पासून गोवा माइल्स नावाचं अ‍ॅप आहे. टॅक्सीवाल्यांचा त्याला विरोधही २०१८ पासूनच आहे. सरकारं बदलली, मंत्री बदलले, विरोध तोच. परंपरा जपणारी माणसं म्हणतात ती अशी.

फेरीबोटीत मात्र आपला माणूस चढत नाही. का? फुकट आहे म्हणून. पायी माणसाकडून गोव्यातल्या सरकारी फेरीबोटीत वर्षानुवर्षं पैसे घेतलेले नाहीत. पणजीहून बेतीला, रायबंदरहून चोडणला, जुन्या गोव्यातून दिवाडीला. ज्याला पैसे पडत नाहीत त्यात काही असेल यावर आपला विश्वास बसत नाही. तीच मांडवी, तेच पाणी, पण वर डीजे लावलेल्या बोटीवर माणशी शेकड्यानं मोजून आपण ‘क्रूझ’ करून येतो.

दिवाडीची फेरी जिथून सुटते तिथं व्हाइसरॉयची कमान आहे. नवा व्हाइसरॉय आला की बोटीतून इथं उतरायचा आणि या कमानीतून शहरात जायचा. राजाचा प्रतिनिधी बोटीनं येत होता. आमचा पंचायत समितीचा माजी सदस्य गाडीतला एसी बंद करायला तयार नाही.

पणजीहून जुन्या गोव्याला जाताना रायबंदरपर्यंतच्या लांबलचक बांधावरून जा. व्हाइसरॉय लिन्यारिशनं बांधून घेतलेला, १६३४च्या आसपासचा. पुन्हा तोच स्पेनच्या मुकुटाचा काळ. साधारण तीन किलोमीटर, खाली दलदल, दोन्ही बाजूंना पाणी. जवळपास चारशे वर्षं झाली, त्यावरून आज बसही जाते.

त्याच्याच शेजारी मांडवीवर आपण १९७० मध्ये नवा पूल बांधला. तो ५ जुलै १९८६ला कोसळला. सोळा वर्षं.

टेंडर तेव्हाही निघालं असणार. पण लिन्यारिशचा ठेकेदार नेमका कोण होता, याची चौकशी आपल्या बांधकाम खात्यानं एकदा करायला हरकत नाही.

मळ्यात शिरलं की मोबाइल बाहेर येतो. निळी भिंत, पिवळी भिंत, लाल खिडकी. हल्ली तिथं दारांवर पाट्या आहेत : फोटो काढू नका, इथं माणसं राहतात. मग आपण काय करतो? पाटीचा फोटो काढतो. एक आजीबाई खिडकीत वाळत घातलेला टॉवेल काढत होत्या, खाली पाच-सहा जणांचं टोळकं. त्यातली एक मुलगी ओरडली, ‘आँटी, टॉवेल राहू दे ना, कलर मॅच होतोय!’ आजीबाईंनी टॉवेल काढला, खिडकी लावली आणि आतून कडी घातल्याचा आवाज गल्लीभर आला.

कोकणीत काही बोलल्या असत्या तरी चाललं असतं. कडीच जास्त लागली.

त्याच गल्लीतल्या सेंट सेबॅस्तियनच्या कपेलमध्ये एक क्रूस आहे. मूळचा जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या वाड्यातला. एरवी क्रुसावरचा येशू मान टाकून, डोळे मिटून असतो. इथं मान ताठ, डोळे उघडे. आरोपीवर नजर ठेवायला, म्हणतात. इन्क्विझिशन गोव्यात १५६० ते १८१२. आपले लोक तिथं आत डोकावतात, ‘एसी नाही का?’ विचारतात आणि निघतात. डोळे उघडे ठेवूनही त्यानं किती सहन करायचं?

नदीकाठी आदिलशहाचा वाडा. हा आपल्याच विजापूरकरांचा. १५१० मध्ये आल्बुकर्कनं गोवं घेतलं आणि वाडा पोर्तुगीजांकडं गेला. पुढं व्हाइसरॉय राहिले, नंतर सचिवालय, आणि २००० पर्यंत गोव्याची विधानसभा याच वाड्यात भरायची. मग ती पर्वरीला गेली. नदीपलीकडं, टेकडीवर. आमदारांची फोडाफोडी तेव्हापासून उंचावरून चालते.

वाड्याशेजारचा पुतळा बघितलाय? झगा घातलेला माणूस, हात पसरलेले, समोर कोसळलेली बाई. पर्यटकांचे अंदाज ऐकण्यासारखे असतात. भूत उतरवतोय. नाही, चढवतोय. अहो, बायकोला मारतोय. तो आबे फारिया. १७५६ मध्ये कांदोळीत जन्मला, पॅरिसात जाऊन संमोहनाचे प्रयोग केले आणि गुंगी येते ती ज्याला येते त्याच्याच मनातून, असं सांगून मोकळा झाला. पाटी आहे, त्यावर लिहिलंय. पण पाटी वाचायची तर आधी सेल्फी थांबवायला हवा.

आता पुन्हा खऱ्या स्पेनकडं जरा. बार्सिलोनात २०२४च्या जुलैत लोकांनी हॉटेलांबाहेर जेवत बसलेल्या पर्यटकांवर पिचकाऱ्या मारल्या. आपल्याला वाटलं रंगपंचमी. ते म्हणत होते, घरी जा. तिथल्या महापालिकेनं पर्यटकांना भाड्यानं द्यायचे फ्लॅट २०२८ पर्यंत बंद करायचं ठरवलंय. आणि सगळ्यात भारी म्हणजे ११६ नंबरची बस. पार्क ग्वेलकडं जाणाऱ्या त्या छोट्या बसमध्ये पर्यटक इतके घुसायचे की तिथल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना उभं राहायला जागा नाही. महापालिकेनं ती बस गूगल मॅपमधूनच काढायला लावली. बस धावते, नकाशात दिसत नाही.

आपल्याकडं उलटं. बस फलकावर असते, फलाटावर नसते.

आणि ज्याच्या चर्चसाठी सगळं जग तिथं जातं तो गाउदी १९२६ मध्ये पायी चालताना ट्रामखाली सापडला. अंगावरचे कपडे असे की, लोकांनी भिकारी समजून सोडून दिलं. शहर घडवणारा माणूस चालत होता. ओळखलं कुणी नाही. आजही जुन्या शहरात चालणाऱ्याला कुणी ओळखत नाही, हॉर्न मात्र सगळे मारतात.

पणजीकरांनी अजून पिचकारी काढलेली नाही. त्यांचा संयम मोठा. मांडवीत कॅसिनोच्या बोटी नांगरून पडल्यात, स्मार्ट सिटीच्या नावाखाली काही वर्षं अख्खं शहर खणून ठेवलं होतं, त्यातच आमच्या बोलेरो. तरी पाव वेळेवर येतो आणि दुपारी दुकानं झोपतात. हा संयम की दुपारची झोप, हे ठरवायला पणजीतच राहावं लागेल.

आपण मात्र पर्यटकांच्या गर्दीला नाकं मुरडायची का? जरूर. पावसाळ्यात रविवारी आंबोलीच्या धबधब्याला जमणारी गर्दी आठवा. बाहेरून येतात, बाटल्या फोडतात, शर्ट काढून नाचतात, घाटात तासन्‌तास गाड्या तुंबतात. आजरेकर चिडतो. ‘या लोकांना शिस्त म्हणून नाही!’ असं म्हणतो.

कुठं निघालेला असतो तो तेव्हा? गोव्याला. त्याच घाटातून, त्याच रांगेत, मधूनच ओव्हरटेक मारत.

आणि आता तर आम्हाला आणखी लवकर पोचवायची सोय होतेय. शक्तिपीठ महामार्ग. नावाला नागपूर-गोवा; मूळ आखणी वर्ध्याजवळच्या पवनारपासून पत्रादेवीपर्यंत, आठशे दोन किलोमीटर, बारा जिल्हे. त्यात आजरा तालुकाही होता. शेतकऱ्यांनी रस्त्यावर उतरून ‘नको’ म्हणून सांगितलं. देवीच्या नावाचा रस्ता, पण शेवट गोव्याच्या हद्दीवर. तिथं कुठलं शक्तिपीठ आहे, हे प्रत्येकानं आपापल्या अनुभवानं ठरवावं. नागपूरकराला ताजी मासळी मिळावी म्हणून आजरेकरानं काजूची बाग द्यायची?

काजूवरून आठवलं. आजरा-चंदगड हा काजूचा पट्टा. गावोगावी काजू फोडायचे कारखाने, बाया पहाटेपासून सालं काढत बसलेल्या. ओला काजू तर आम्ही पोत्यानं बघतो. पण गोव्याला गेलेला आजरेकर परतताना काय आणतो? पणजीतल्या १८ जून रस्त्यावरच्या दुकानातून काजू. लोहियांनी १९४६ मध्ये मडगावात सत्याग्रह केला त्या तारखेचा हा रस्ता. तिथं दुकानदार चव बघायला अर्धा काजू हातावर ठेवतो. साधा, मसाला, लसूण, चॉकलेट. आमचा पाहुणा चवीचवीनं खातो आणि विचारतो, ‘ओरिजनल गोव्याचाच ना?’ दुकानदार छातीला हात लावून ‘लोकल’ म्हणतो. कुठलं लोकल, हे कोण विचारतो? गावाकडच्यापेक्षा चढ्या भावात दोन किलो घेतले जातात. एक घरी, एक पाहुण्यांना वाटायला.

मग इन्सुलीचा नाका. डिकी उघडा. एक्साइजचा माणूस वाकून बघतो. बॅगा, ओल्या चड्ड्या, सुंगटांची पिशवी, काजू.

‘कुठून आलात?’

‘आजऱ्याचे आम्ही.’

‘आणि हे काजू?’

‘पणजीतनं घेतले.’

तो एकदा काजूकडं बघतो, एकदा माणसाकडं, आणि डिकी स्वतःच्या हातानं लावून ‘जावा’ म्हणतो. बाटली लपवण्याएवढी अक्कल या गाडीत नाही, याची त्याला खात्री पटलेली असते.