काचपेटीतील सूर्योदयाचा बंदोबस्त

ज्या गृहस्थाच्या सांगण्यावरून घरातला पंखाही कोणी बंद करीत नाही, त्याने दिवाणखान्यातील मत्स्यपेटीवर एलईडी दिवा टांगून तो नियंत्रकास जोडावा. कारण प्रत्यक्ष सूर्यास उगवण्यामावळण्याचा हुकूम फर्माविण्याचा अधिकार इतक्या अल्प खर्चात अन्य कोणत्याही राज्यव्यवस्थेत प्राप्त होत नाही. तो निर्वेधपणे उपभोगता यावा म्हणून पुढील कलमे क्रमाने अमलात आणावीत.

कलम १. खोक्यावर ‘डिमेबल’ असे ठळक छापलेले असले, तरी दिवा कोणत्या रीतीने मंद होईल याची रुजुवात माहितीपत्रकावरूनच घ्यावी. भिंतीवरचा साधा डिमर यास खुशाल चालेल, असे सांगणारा सद्गृहस्थ प्रत्येक सोसायटीत असतो. त्याचा आदर राखून सल्ला दप्तरी दाखल करावा. दिव्याच्या ड्रायव्हरास शून्य ते दहा व्होल्टचा संकेत समजतो की पीडब्ल्यूएमचा, आणि नियंत्रक तोच संकेत देतो काय, एवढेच पाहावे. दुसऱ्या पद्धतीत दिवा वस्तुतः मंद होतच नाही. तो सेकंदास शेकडो वेळा विझतो व पेटतो, आणि विझण्याचा वाटा वाढला की मनुष्यनेत्रास त्याची सौम्यता भासू लागते.

कलम २. शून्य ते दहाच्या पद्धतीत दहा व्होल्ट म्हणजे पूर्ण प्रकाश व पाच म्हणजे सुमारे निम्मा. संकेताच्या तारा दोनच. धन धनास व ऋण ऋणास जोडावी. अशा बहुतेक ड्रायव्हरांचा एक अलौकिक गुण असा की, संकेताची तार निसटून वरून कोणताच आदेश येईनासा झाला, तर ते पूर्ण शक्तीनिशी काम करू लागतात. वरिष्ठांचा हुकूम नसताना कामास जुंपून घेणारा हा सेवक पाहून कचेरीत हयात घालविलेल्या वाचकांस गहिवर येणे स्वाभाविक आहे. तथापि गहिवर आवरून तार तपासावी. उलटपक्षी, हुकूम शून्यावर आणला तरी कित्येक ड्रायव्हर दशांश प्रकाश स्वतःकडे राखून ठेवतात. सबब खरीखुरी रात्र हवी असल्यास मूळ वीजपुरवठाच तोडणारी रिले मध्ये बसवावी.

कलम ३. जोडणीपूर्वी मुख्य पुरवठा बंद करावा, त्या बाजूचे काम परवानाधारक वायरमनकडून करवून घ्यावे, आणि ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी नसल्यास तो आधी बसवावा. प्रत्येक तारेस सॉकेटच्या खाली झोळ द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी सॉकेटात न शिरता जमिनीवर पडेल.

कलम ४. माशांना पापण्या नसतात. अंधारातून एकाएकी लख्ख उजेड पडला तर ते बिथरून काचेवर आपटतात. यास्तव सूर्योदय व सूर्यास्त अर्ध्या अर्ध्या तासाचे ठेवावेत, आणि नव्याने लावलेल्या पाणवनस्पतींस आरंभी निम्म्या तेजाचे आठ तास पुरे मानावेत. सत्ता हाती येताच दिवस चौदा तासांचा करण्याचा मोह अनेकांस होतो; त्यांच्या राज्यात शेवाळ सुखाने नांदते.

कलम ५. नियंत्रकातील घड्याळास स्वतंत्र बॅटरी आहे याची खात्री करून घ्यावी. ती नसल्यास, वीज जाऊन परत आली की कित्येक नियंत्रक त्या क्षणासच मध्यरात्र समजून कारभार सुरू करतात. वीज सायंकाळी पाचला आली, तर दुपारी बाराचा नेमलेला सूर्योदय पहाटे पाचला होईल, आणि दिवाणखान्यात निजलेले पाहुणे उठून अंघोळीचे पाणी मागू लागतील. या गैरकारभाराचा जाब अर्थातच मालकास द्यावा लागेल. नियंत्रकाच्या दप्तरी सर्व काही वेळेवरच झालेले असेल.